पोर्ट ब्लेअरला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंदमानची सहल ठरली की आपल्याकडे साधारण एकच आराखडा निघतो. सकाळच्या विमानाने पोर्ट ब्लेअर, दुपारी उन्हातान्हात सेल्युलर जेल, दुसऱ्या दिवशी पहाटे बोट पकडून हॅवलॉक. उरलेली सगळी सहल किनाऱ्यांची. किनारे सुंदर आहेतच, पण विमानातून उतरून बोटीत चढण्यापुरतंच हे शहर वापरलं तर फार मोठं काहीतरी हातचं जातं, असं मला मनापासून वाटतं. नात्यातले आणि ओळखीचे लोक जायच्या आधी जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे उत्तरांसकट एकत्र दिले आहेत.

पोर्ट ब्लेअर आणि श्री विजयपुरम ही एकच जागा ना?

हो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने पोर्ट ब्लेअरचं नाव बदलून श्री विजयपुरम केलं. बोलण्यात, रिक्षावाल्यांच्या तोंडी आणि सहल कंपन्यांच्या पत्रकांत जुनं नाव अजून सर्रास चालतं, म्हणून इथेही तेच वापरलं आहे. विमानतळाचं नाव वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळ. शिंपल्याच्या आकाराची त्याची नवी इमारत जुलै २०२३ मध्ये सुरू झाली.

बेटांची नावं मात्र नीट पाठ करून ठेवा, कारण बोटीच्या तिकिटावर नवी नावं असतात आणि माणसं जुनी नावं घेतात. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. माउंट हॅरिएट आता माउंट मणिपूर आहे.

जुन्या नावाचा धागा गंमत म्हणजे मुंबईला जाऊन मिळतो. ज्याच्या नावावरून पोर्ट ब्लेअर झालं तो आर्चिबाल्ड ब्लेअर कंपनी सरकारच्या ‘बॉम्बे मरीन’ या नौदलातला अधिकारी होता. १७८९ मध्ये त्याने इथल्या चॅथम बेटावर पहिली वसाहत बसवली. काही वर्षांतच ती उत्तरेकडे हलवली आणि १७९६ मध्ये रोगराईपायी सोडूनही दिली.

महाराष्ट्रातून कसं जायचं? जहाजाने जाण्यात मजा आहे का?

बहुतेकांना चेन्नई, कोलकाता, बंगळुरू किंवा हैदराबादला विमान बदलावं लागतं. चेन्नईहून पुढे सव्वादोन तासांचा प्रवास. जाताना शक्यतो सकाळी पोचणारं विमान घ्या, कारण इथे दिवस लवकर मावळतो (त्याबद्दल पुढे).

चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून प्रवासी जहाजं सुटतात. समुद्रात साधारण तीन दिवस जातात. ज्यांच्याकडे वेळ आहे, ज्यांना बोट लागत नाही आणि वेळापत्रक मागेपुढे झालं तर चालतं, त्यांनी एका बाजूचा प्रवास जरूर जहाजाने करावा. आठवड्याची रजा काढून निघालेल्या कुटुंबाने मात्र त्या भानगडीत पडू नये.

परवाना लागतो का?

भारतीय नागरिकांना पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील वगैरे नेहमीच्या ठिकाणी वेगळा परवाना लागत नाही. सरकारी ओळखपत्र मात्र सगळीकडे जवळ ठेवा, बोटीचं तिकीट त्याशिवाय मिळत नाही. निकोबार बेटं सर्वसामान्य पर्यटकांना खुली नाहीत. तेव्हा ‘अंदमान-निकोबार सहल’ असं कुणी विकत असेल तर त्यातलं निकोबार फक्त नावापुरतं आहे हे समजून चाला.

कधी जावं?

डिसेंबर ते एप्रिल. नैर्ऋत्य मोसमी पाऊस देशात सगळ्यात आधी इथे पोचतो, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. आपल्याकडे केरळात पाऊस कधी येणार याची चर्चा रंगते तेव्हा अंदमानात छत्र्या उघडलेल्या असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली वादळं. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर सहल पार पडेल, पण समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात. त्यासाठी एखादा दिवस हातचा राखून ठेवा.

मार्च-एप्रिलमध्ये समुद्र शांत आणि पाणी नितळ असतं. शहरात मात्र त्या दिवसांत पाण्याची टंचाई असते. पोर्ट ब्लेअरची भिस्त मुख्यतः धनीखाडीच्या धरणावर आहे, आणि उन्हाळ्यात स्थानिकांच्या नळाला रोज पाणी येईलच असं नसतं. हॉटेलात चोवीस तास पाणी दिसलं तरी ते जपून वापरा.

तिथे खरंच पाच वाजता अंधार पडतो?

डिसेंबरात पडतो. घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचं आणि बेटं पार पूर्वेला, ब्रह्मदेशाच्या अंगाला. त्यामुळे डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो आणि सहा वाजता चक्क रात्र होते. उलट पहाटे साडेपाचला लख्ख उजाडतं. नऊला नाश्ता आटोपून दहाला बाहेर पडायची सवय असेल तर अर्धा दिवस वाया गेलाच म्हणून समजा. सहाला बाहेर पडा आणि दुपारी विश्रांती घ्या.

पोर्ट ब्लेअरला किती दिवस द्यावेत?

शहरासाठी आणि रॉससाठी दोन पूर्ण दिवस, जवळपासच्या एखाद्या ठिकाणासाठी तिसरा. शिवाय परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच मुक्काम हवा. हॅवलॉकहून सकाळची बोट धरून दुपारचं विमान गाठायचा बेत कागदावर जमतो, पण वाऱ्याने ती बोट रद्द केली की विमानाचं तिकीट बुडतं.

सेल्युलर जेल नीट बघायचं तर काय करावं?

घाई करू नका. हे उत्तर लांबणार आहे, कारण बहुतेक मराठी माणसं ज्या ओढीने अंदमानला जातात ती जागा हीच आहे, आणि बहुतेकांच्या वाट्याला ती तासाभरात उरकलेली येते.

सकाळी दार उघडतानाच पोचा. सहलींचे मोठे गट दुपारनंतर येतात. सकाळी वऱ्हांडे रिकामे असतात आणि आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येतो. आधी इमारतीची रचना समजून घ्या. १८९६ ते १९०६ या काळात हा तुरुंग बांधला. मधोमध मनोरा आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात तीनमजली इमारती. एका इमारतीचा दर्शनी भाग दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर माणूस दिसूच नये. सुमारे सातशे कोठड्या आणि प्रत्येकीत एकटा माणूस. शिक्षेचं खरं हत्यार तेच होतं. आज सातांपैकी तीन इमारती उभ्या आहेत. बाकीच्या पडल्या, पाडल्या. त्या आवारात आता गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे.

एखाद्या कोठडीचं कुलूप वाकून बघा. कडी दारावर संपत नाही. लोखंडी दांडा दारापासून पुढे जाऊन भिंतीतल्या खोबणीत शिरतो आणि कुलूप तिथे लागतं. आतल्या माणसाने गजांतून खांद्यापर्यंत हात बाहेर काढला तरी बोटं तिथवर पोचत नाहीत. आत जाऊन दार ओढून घ्या आणि स्वतः हात घालून पाहा. मुलांना हे करायला लावा. पुस्तकातल्या चार पानांनी कळत नाही ते या एका कडीने कळतं. मागच्या भिंतीत डोक्याच्या बरंच वर एक झरोका, तेवढंच आभाळ.

स्वातंत्र्यवीर सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर टोकाला आहे. तिला दुहेरी दार आहे, त्यावरून ती लगेच ओळखू येते. दोन जन्मठेपा, म्हणजे पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन ते ४ जुलै १९११ रोजी ‘महाराजा’ जहाजाने इथे आले. थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीपासून याच तुरुंगात होते. १९२१ मध्ये दोघांनाही मुख्य भूमीवर हलवलं. इथे गर्दी असते, फोटोसाठी रांग लागते. फोटो काढा, पण मग बाजूला होऊन दोन मिनिटं नुसते उभे राहा.

आणि तिथून लगेच खाली उतरू नका, ही माझी कळकळीची विनंती. आपल्याकडून जाणारे बरेच जण एवढीच कोठडी बघून परततात. मधल्या मनोऱ्यात संगमरवरी फलकांवर प्रांतवार नावं कोरली आहेत. ती वाचा. बंगालच्या नावांची रांग संपता संपत नाही. बारींद्र घोष, उल्हासकर दत्त, भगतसिंगांबरोबर विधिमंडळात बाँब टाकणारे बटुकेश्वर दत्त हे सगळे इथे होते. तुरुंगासमोरच्या उद्यानात जे पुतळे आहेत त्यांत महावीर सिंह आहेत. १९३३ च्या उपोषणात नाकातून नळी घालून जबरदस्तीने दूध पाजताना त्यांचा जीव गेला. मोहित मोइत्र आणि मोहन किशोर नामदास हेही त्याच उपोषणात गेले. ही नावं आपल्या मुलांच्या कानावर पडली पाहिजेत.

आवारात कोलूची प्रतिकृती आहे. कैद्याला बैलासारखं जुंपून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायला लावत. शेजारी फाशीघर, एका वेळी तिघांना फाशी देता येईल असं. शेवटी गच्चीवर चढा. चोहीकडे पाचूसारखा समुद्र दिसतो. तो खालच्या कोठड्यांतून दिसत नसे.

संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम बघावा का? मराठीत असतो का?

बघावा. मराठीत नाही, पण हिंदी प्रयोग नेहमी असतो. आवारातला पिंपळ साक्षीदार होऊन कहाणी सांगतो. तिकिटं लवकर संपतात, आधी काढून ठेवा. सकाळी तुरुंग पाहून संध्याकाळी हा कार्यक्रम, हा क्रम ठेवा, म्हणजे कुठल्या वऱ्हांड्याबद्दल बोलतायत ते कळतं.

रॉस आणि नॉर्थ बे दोन्ही करायलाच हवेत का?

अबर्डीन जेट्टीजवळच्या जलक्रीडा संकुलातून दोन्हींची मिळून तिकिटं विकतात. एकच करायचं असेल तर डोळे मिटून रॉस.

१८५८ पासून जवळपास ऐंशी वर्षं ब्रिटिशांनी या चिमुकल्या बेटावरून सगळं अंदमान चालवलं. चर्च, बेकरी, क्लब, पोहण्याचा तलाव, सगळा थाट. समोरच्या किनाऱ्यावर कोलू फिरत होते आणि इथे नाच रंगत होते. जून १९४१ मध्ये मोठा भूकंप झाला, मार्च १९४२ मध्ये जपानी आले, आणि वैभव संपलं. आता चर्चच्या भिंती वड-पिंपळाच्या जातीच्या झाडांनी पोटाशी धरल्या आहेत. काही ठिकाणी वीट केव्हाच झडून गेली आहे आणि मुळांनीच भिंतीचा आकार धरून ठेवला आहे. हरणं आणि मोर माणसांना बुजत नाहीत. त्यांना वेफर्स-बिस्किटं खायला घालू नका.

नॉर्थ बेला समुद्राखाली चालणं, काचेच्या तळाची बोट वगैरे प्रकार आहेत. हॅवलॉकला जाणार असाल तर पाण्यातले खेळ तिथेच करा.

शहरात आणखी काय?

चॅथमची लाकडाची गिरणी बघा. १८८३ मध्ये सुरू झालेली ही सरकारी गिरणी एका पुलाने शहराला जोडलेल्या बेटावर आहे. पडौकचा लालभडक ओंडका करवतीखाली जाताना दिसतो, आणि आवारात दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबचा खड्डा अजून राखून ठेवला आहे. मानववंशशास्त्र संग्रहालय आणि नौदलाचं ‘समुद्रिका’ यांना एकेक तास द्या. बऱ्याच संग्रहालयांना सोमवारी सुट्टी असते, तेव्हा आदल्या रात्री हॉटेलवर विचारून घ्या.

कॉर्बिन्स कोव्हचा किनारा शहराला सगळ्यात जवळचा. तिकडे जाताना रस्त्याकडेला जपानी काळातले काँक्रीटचे बंकर दिसतात. १९४२ ते १९४५ हा काळ इथल्या लोकांनी फार सोसला. डॉ. दिवाण सिंग यांच्यासारखा पंजाबी कवी आणि डॉक्टर जपान्यांच्या छळाने जानेवारी १९४४ मध्ये सेल्युलर जेलमध्येच गेला. त्याच महिन्यात हम्फ्रीगंजला ४४ जणांना गोळ्या घातल्या. त्याच्या महिनाभर आधी, ३० डिसेंबर १९४३ रोजी, नेताजींनी याच शहरात तिरंगा फडकवला होता. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघितल्या की या शहराचा इतिहास किती गुंतागुंतीचा आहे हे कळतं.

प्रवाळ बघायला जॉली बॉयला जावं की हॅवलॉकच पुरे?

पोहता येत नसेल तर जॉली बॉय. वंडूरजवळच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात (स्थापना १९८३) हे बेट येतं. वर्षाचे काही महिने जॉली बॉय आणि उरलेले महिने रेड स्किन, असं आलटून पालटून खुलं ठेवतात म्हणजे प्रवाळाला विसावा मिळतो. वनखात्याचा परवाना आधी काढावा लागतो. सोमवारी बंद.

प्लॅस्टिक अजिबात नेता येत नाही. जेट्टीवर पिशव्या तपासतात. बिस्किटाचा पुडा, वेफर्स, पाण्याची साधी बाटली, सगळं काढून ठेवायला लावतात. घरून स्टीलचा डबा नेला असेल तर निम्मी कटकट वाचते. काही प्रवासी यावर कुरकुरतात. मला तर वाटतं, आपल्या कोकणातल्या प्रत्येक किनाऱ्यावर अशी एक चौकी असावी.

वंडूरच्या वाटेवर सिप्पीघाटला दोन्ही बाजूंना पाणथळ दिसेल. ती मूळची शेतं. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात इथली जमीन खचली, त्सुनामीचं पाणी आत आलं आणि कायमचं राहिलं.

सूर्यास्त कुठून बघावा?

चिडिया टापू. शहरापासून सुमारे २५ किलोमीटर. चार वाजेपर्यंत पोचलंच पाहिजे. सरकारी बसही जाते, पण परतीची शेवटची बस कितीला आहे ते उतरतानाच विचारून ठेवा.

माउंट मणिपूरला मात्र सकाळी जा. चॅथमहून बांबू फ्लॅटला गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीने खाडी ओलांडायची आणि वर चढायचं. जुन्या लाल वीस रुपयांच्या नोटेवरचं नारळी आणि दीपस्तंभाचं चित्र इथूनच दिसणाऱ्या देखाव्याचं आहे. घरात एखादी नोट असेल तर घेऊन जा, मुलं खूश होतात. याच डोंगराच्या पायथ्याशी होपटाउनच्या धक्क्यावर ८ फेब्रुवारी १८७२ रोजी शेर अली आफ्रिदी या कैद्याने व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला भोसकून मारलं.

बाराटांगला जावं का? वाटेत जारवा दिसतात म्हणे.

बाराटांग बेटावर चुनखडीच्या गुहा आहेत, चिखलाचे ज्वालामुखी आहेत आणि खारफुटीतून जाणारा बोटीचा सुंदर प्रवास आहे. पहाटे तीन-साडेतीनला निघावं लागतं, कारण जिरकाटांगच्या चौकीपासून पुढे गाड्या ठरावीक वेळी ताफ्याने सोडतात. तो रस्ता जारवा या इथल्या मूळ आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाडी थांबवायची नाही, फोटो नाही, काही द्यायचं-फेकायचं नाही. कायद्याने गुन्हा आहे तो.

जारवा शेकड्यांत मोजण्याइतकेच उरले आहेत. बाहेरच्या माणसांशी त्यांचा संबंध १९९७-९८ च्या सुमारास वाढला, आणि त्यानंतर त्यांच्यात गोवराच्या साथी आल्या. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच राखीव जंगलातला हा रस्ता बंद करायला सांगितलं होतं. तो अजून सुरू आहे. उत्तरेकडच्या बेटांवरच्या लोकांना त्याची गरज असते, हेही खरं.

माझं मत विचाराल तर, सहल विकणारा माणूस ‘जारवा बघायला मिळतील’ असं म्हणाला की त्याच्याकडून काहीही घेऊ नका. काचेआडून माणसं बघायला जाणं शोभणारं नाही. गुहांची खरीच आवड असेल तर जा, त्या पट्ट्यात खिडक्या वर, फोन खिशात, आणि मुलांना आधीच नीट समजावून. नुसती ‘यादीतली जागा’ म्हणून जाणार असाल तर तो दिवस रॉसला आणि शहराला द्या.

हॅवलॉक-नीलच्या बोटीचं काय?

सरकारी फेरी फिनिक्स बे जेट्टीवरून सुटते. हॅवलॉकला सुमारे अडीच तास. भाडं कमी, पण स्थानिक लोकांना तीच लागते आणि हंगामात जागा मिळणं कठीण. खाजगी वातानुकूलित बोटी हॅडोच्या धक्क्यावरून सुटतात आणि सुमारे दीड तासात पोचवतात. डिसेंबर-जानेवारीसाठी विमानाच्या तिकिटाबरोबरच बोटीचंही तिकीट काढा. बोट लागत असेल तर गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही.

हॅवलॉकला स्कूबा करणार असाल तर त्यानंतर निदान चोवीस तास विमानात बसू नका.

आईबाबांना नेता येईल का?

नक्की न्या. सेल्युलर जेल बघायची इच्छा त्यांच्या पिढीत फार असते. जिने चढताना दम लागत असेल तर वरच्या मजल्यावर सावकाश जा. रॉसवर बॅटरीच्या गाड्या आहेत. जॉली बॉयला मोठ्या बोटीतून हलत्या लहान बोटीत उतरावं लागतं, गुडघे दुखत असतील तर ते टाळा. बाराटांगची पहाट आणि गुहेपर्यंतची चाल त्यांच्यासाठी नाही. औषधं घरूनच पुरेशी न्या.

खाण्यापिण्याचे हाल होतात का?

मुळीच नाही. बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळी, रांचीकडचे आदिवासी, ब्रह्मदेशातून आलेले करेन, असं सगळ्या देशाचं माणूस इथे वसलेलं आहे आणि आपसात हिंदी बोलतं. अबर्डीन बाजारात घड्याळाच्या मनोऱ्याजवळ शाकाहाऱ्यांना इडली-डोसा, पोळी-भाजी सहज मिळते. मासे खाणाऱ्यांची चंगळ. बंगाली खाणावळीत मोहरीतलं कालवण आणि भात मागवा. आपल्या आमटीची सवय असलेल्या जिभेलाही ते आवडतं. शहाळी भरपूर.

फोन, पैसे?

ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली तेव्हापासून शहरात इंटरनेट व्यवस्थित चालतं. लहान बेटांवर भरवसा ठेवू नका. रोख रक्कम पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा.

समुद्रात उतरणं सुरक्षित आहे का? मगरी असतात म्हणतात.

खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, खास करून खाड्या आणि खारफुटीच्या आसपास. किनाऱ्यावर इशाऱ्याची पाटी किंवा जाळी असेल तर ती गांभीर्याने घ्या. जीवरक्षक असतील तिथेच आणि उजेडातच पोहा. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात, पायाला खोबरेल चोपडून बसा.

शंख-शिंपले आणता येतील का?

किनाऱ्यावरून उचललेलं काहीही नाही. मेलेला, पांढरा पडलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा नाही. वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासताना सापडतो. मुलांच्या खिशांत आणि सॅकच्या कप्प्यांत आदल्या रात्रीच एकदा हात घालून बघा. परवानाधारक दुकानातून घेतलं तर पावती वरच ठेवा. पडौकच्या लाकडाची लहानसहान वस्तू छान भेट होते. तिचीही पावती हातातल्या पिशवीत असू द्या, सामानात खाली गेली की विमानतळावर सगळी बॅग उघडावी लागते.